शीतकोठीचा सेन्सर खोटें सांगूं लागल्यास

भातकापणी उरकून खळीं मोकळीं झालीं म्हणजे शहापूर व मुरबाड तालुक्यांतील ज्या शेतकऱ्यांजवळ विहिरीचें, बोअरिंगचें किंवा नदीकांठचें पाणी आहे ते भेंडी, काकडी, कारलीं, मिरची अशा भाजीपाल्याकडे वळतात. हा माल मुख्यतः कल्याण व वाशी येथील बाजारांत जातो. भेंडीची तोडणी एक दिवसाआड करावी लागते. ती टळली तर शेंग जून होते व तिला कोणी विचारीत नाहीं. परंतु प्रत्येक तोडणीला गाडी भरेल इतका माल निघतोच असें नाहीं. दोन तोडण्यांचा माल एकत्र करून पाठवितां यावा, किंवा बाजार पडलेला असतां एकदोन दिवस वाट पाहतां यावी, एवढ्यासाठीं एकट्यानें अगर चार जणांनीं मिळून लहानशी शीतकोठी बांधणें रास्तच आहे.

मात्र शीतकोठी म्हणजे केवळ जाड भिंतींची खोली व थंडावा देणारें यंत्र नव्हे. त्या यंत्रानें केव्हां चालावें व केव्हां थांबावें हें एक बोटाच्या पेराएवढा सेन्सर ठरवीत असतो. यंत्राला डोळे नाहींत. सेन्सर जें सांगेल तेंच त्याला खरें. हा सेन्सर बिघडला म्हणजे कॉम्प्रेसर, पंखा, गॅस सर्व कांहीं धडधाकट असूनहि माल नासतो, आणि नासाडीचें कारण शेवटपर्यंत उमगत नाहीं, कारण दारावरचा आंकडा तर ठीक दिसत असतो! तो आंकडाहि त्याच सेन्सरच्या सांगण्यावरून उमटलेला असतो हें आपण विसरतों. दारावरील आंकडा खरा कीं खोटा हें शेतकऱ्यानें स्वतः कसें ठरवावें, आणि खोटा निघाल्यास दोष कोठें शोधावा, एवढ्यापुरताच या लेखांत आम्ही विचार करणार आहों.

प्रथम यांत शेतकऱ्याचें काय जातें तें पाहूं. भेंडी हें उष्ण हवेंतलें पीक. तिला ७ ते १० अंश सेल्सिअस इतकी थंडी मानवते. हवेंत भरपूर ओलावा असेल तर अशा थंडींत ती आठ-दहा दिवस टिकते. ७ अंशांच्या खालीं मात्र तिला थंडी बाधूं लागते. शेंगेवर बारीक खड्डे पडतात, शिरा काळवंडतात, पुढें डाग चिघळून कुजतात. थंडी जितकी अधिक व काळ जितका लांब तितकी बाधा अधिक. यांतली फसवी गोष्ट अशी कीं, ही बाधा कोठींत असेपर्यंत पुष्कळदां दिसत नाहीं. माल बाहेरच्या उबेंत आला म्हणजे ती वर येते. पहांटे कोठींतून काढतांना हिरवीगार वाटणारी भेंडी वाशीच्या गाळ्यावर पोंचून गोणी सुटेपर्यंत डागळलेली असते. व्यापारी म्हणतो माल शिळा आहे. शेतकरी शपथेवर सांगतो कीं परवां तोडलेला आहे. दोघांच्या वादांत भाव पडतो तो शेतकऱ्याचाच. उलट कोठी १० अंशांच्या फार वर राहिली तर शेंग सुकते, तंतुमय होते व तिचा तजेला जातो. म्हणजे भेंडीला मोकळीक आहे ती अवघ्या तीन अंशांची. मेथी-पालकासारखी पालेभाजी शून्याच्या आसपासहि सुखानें राहते. तिथें दोन अंशांच्या चुकीनें फारसें बिघडत नाहीं. काकडीला १० ते १२ अंश पाहिजेत, हिरव्या टोमॅटोला १३ च्या जवळपास. आपल्या भागांतलीं बहुतेक फळभाज्यांचीं पिकें या नाजूक वर्गांतलीं असल्यामुळें सेन्सरची दोन अंशांची लबाडी येथें महाग पडते.

आतां या सेन्सरमध्यें असतें काय तें सांगतों. वरचें धातूचें टोपण किंवा प्लास्टिकचा शेंडा हें केवळ कवच होय. आंत मँगनीज, निकेल, कोबाल्ट अशा धातूंच्या ऑक्साइडांचा भाजून केलेला बारीक मणि असतो व त्याला दोन तारा जोडलेल्या असतात. तांब्याची तार तापविली तर विजेला होणारा तिचा रोध वाढतो. या मण्याचें वर्तन उलटें आहे. तो तापला कीं रोध घटतो, गार झाला कीं वाढतो. असा उलट स्वभाव असलेला पदार्थ प्रथम मायकेल फॅरडे यांस १८३३ सालीं आढळला. ते रुप्याच्या सल्फाइडावर प्रयोग करीत होते. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनीं, १९३० च्या सुमारास, अमेरिकेंतील सॅम्युएल रुबेन यांनीं व्यापारी उपयोगाचा असा मणि तयार केला. यास थर्मिस्टर म्हणतात. तो स्वस्त असल्यामुळें घरोघरच्या फ्रिजांत, दुधाच्या टाक्यांत, वातानुकूलनाच्या यंत्रांत सर्वत्र शिरला आहे. शहरांतील हौशी लोक वाइनच्या बाटल्या १२-१३ अंशांवर ठेवण्यासाठीं जें कांचेच्या दाराचें कपाट घेतात त्यांतहि बहुधा हाच मणि असतो, व तें कपाट बिघडलें म्हणजे दोषहि बहुधा येथेंच निघतो. भेंडीची कोठी काय आणि वाइनचें कपाट काय, निदान एकच.

लहान शीतकोठ्यांत नेहमीं आढळणारा थर्मिस्टर २५ अंशांस १०,००० ओहम रोध दाखवितो. त्याच्या एका प्रचलित जातींत १० अंशांस सुमारें १८,०००, ५ अंशांस सुमारें २२,०००, आणि शून्य अंशांस सुमारें २७,३०० ओहम भरतात. दुसरीहि एक जात बाजारांत आहे. तीहि २५ अंशांस १०,००० च दाखविते, पण शून्य अंशांस सुमारें ३२,६५० वर जाते. हा फरक वाचकांनीं ध्यानांत ठेवावा, कारण नवा सेन्सर बसवितांना तोच घोटाळा करितो.

वरील आंकड्यांवरून एक गोष्ट निघते व पुढील सर्व परीक्षा तिच्यावर चालते. मण्याच्या वाटेंत कोणत्याहि कारणानें रोध वाढला तर यंत्राला खोली आहे त्याहून थंड वाटते व तें लवकर थांबतें; रोध घटला तर यंत्राला खोली उष्ण वाटते व तें थांबतच नाहीं. तार साफ तुटली तर रोध अमर्याद होतो, यंत्राला जणूं हिमालय भासतो. दोन तारा एकमेकींस चिकटल्या तर रोध शून्य होतो व यंत्राला भट्टी भासते. हे दोन्ही टोकाचे दोष पुष्कळसे कंट्रोलर ओळखतात व आंकड्याऐवजीं बिघाडाची खूण दाखवितात. त्यामुळें ते त्रासदायक असले तरी फसवे नव्हेत.

खरे फसवे दोष मधले असतात. कवचाच्या भेगेंतून दमटपणा आंत शिरला म्हणजे मण्याच्या दोन तारांमध्यें वीज ओलाव्यातून थोडीथोडी झिरपूं लागते. समजा, या झिरपण्याचा रोध २ लाख ओहम आहे. ऐकावयास ही संख्या मोठी वाटते. पण हिशेब केला तर असें निघतें कीं, कंट्रोलरवर ८ अंश लाविले असतां खोली प्रत्यक्षांत ५॥ अंशांच्या जवळ उतरल्याशिवाय यंत्र थांबत नाहीं. दारावर मात्र ८ चाच आंकडा राहतो. भेंडी काळी पडते ती अशी. याच्या उलट, तारेचा सांधा गंजून वाटेंत १,००० ओहम जादा पडले, तर ८ वर लावलेली कोठी सव्वानऊच्या वरच थांबते. त्यांतून सांधा सैल असेल तर हा आंकडा दार आपटतांच बदलतो, पंखा सुरू होतांच बदलतो, आणि मिस्त्री येऊन उभा राहतांच नेमका सुधारतो.

तथापि आंकडा व माल जुळत नाहींत एवढ्यावरून सेन्सरला दोषी ठरविणें न्यायाचें नव्हे. सेन्सर फक्त आपल्या जागेची साक्ष देतो. तो दाराजवळ टांगलेला असेल तर दार उघडतांच ऊन हवा त्याच्यावर येते व आंतला माल थंड असूनहि यंत्र धांवत राहतें. तो कॉइलमधून निघणाऱ्या झोतांत असेल तर त्याला सर्व जग थंड वाटतें व मागच्या कोपऱ्यांतील क्रेट उबेंत राहतात. क्रेट रचतांना कोणी त्याला दोन थरांमध्यें दाबून टाकिला असेल तर तो खोलीची नव्हे, त्या दोन क्रेटांची हकीकत सांगेल. शिवाय दुपारीं उन्हांतून आणलेल्या भेंडीच्या अंगीं शेतांतली उष्णता असते. हवा ८ अंशांवर आली तरी क्रेटच्या मध्यावरची शेंग त्या पातळीला येण्यास पुष्कळ तास लागतात. सेन्सरची योग्य जागा म्हणजे कॉइलकडे परत येणाऱ्या हवेच्या वाटेंत, भिंतीपासून थोडा सुटा, दारापासून दूर. प्रथम जागा पाहावी. नंतर पाण्यानें भरलेल्या बाटलींत एक चांगला तापमापक बुडवून ती बाटली सेन्सरच्या शेजारींच एक रात्र ठेवावी. हवेचा आंकडा यंत्राबरोबर वरखालीं होतो, बाटलींतील पाणी त्याची सरासरी धरून ठेवतें. सकाळीं दार उघडतांच दोन्ही आंकडे पाहावे. तापमापक अल्कोहोलचा घ्यावा. खाद्यपदार्थांच्या खोलींत पाऱ्याचा नेऊं नये, कारण तो फुटल्यास सारा माल टाकावा लागेल.

दोन आंकड्यांत एक अंशापेक्षां अधिक तफावत दिसली तर बर्फाची परीक्षा करावी. तिला पैशाचा खर्च नाहीं म्हटलें तरी चालेल, आणि तिच्याइतका निष्पक्ष साक्षीदार दुसरा नाहीं. वितळणाऱ्या शुद्ध बर्फाचें तापमान शून्य अंश असतें; तें शहापुरासहि शून्य आणि माळशेजच्या माथ्यावरहि व्यवहारापुरतें शून्यच. पण परीक्षा नीट केली तरच तिचा उपयोग. पेलाभर पाण्यांत बर्फाचे दोन खडे तरंगत ठेवून त्यांत सेन्सर बुडविणें ही परीक्षा नव्हे. पाणी ४ अंशांच्या सुमारास सर्वांत जड असतें. म्हणून तरंगणाऱ्या बर्फाखालीं, पेल्याच्या बुडाशीं, दोन-चार अंशांचें पाणी बसून राहतें व खरा सेन्सर उगाच खोटा ठरतो. थर्मासची बाटली घ्यावी. पिण्याच्या पाण्याचा बर्फ फडक्यांत बांधून बारीक कुटावा व बाटली बुडापासून तोंडापर्यंत त्यानें भरावी. मग फटी भरतील इतकेंच गार पाणी ओतावें. मीठ लागलेला बर्फ घेऊं नये. मिठानें तो शून्याच्या खालीं जातो, आणि मासळीच्या पेटींतून आणलेल्या बर्फाचा तर भरंवसाच धरूं नये. सेन्सरचा शेंडा बर्फाच्या मधोमध, बाटलीच्या अंगाला न लागेल असा धरून पांच ते दहा मिनिटें ठेवावा, अधूनमधून हलवावा, आणि आंकडा स्थिर झाला म्हणजे टिपून घ्यावा.

आंकडा शून्याच्या अर्धा अंश इकडे किंवा तिकडे असेल तर सेन्सर निर्दोष आहे. नासाडीचें कारण दुसरीकडे शोधावें. तो तीन-चार अंश वर असेल तर ओलावा शिरल्याचा संशय घ्यावा. खालीं असेल तर सांधे पाहावे. आणि आंकडा एका जागीं ठरतच नसेल, क्षणांत २ तर क्षणांत ६ असा नाचत असेल, तर मण्यापेक्षां तारेकडे अधिक लक्ष द्यावें. पुष्कळ ठिकाणीं सेन्सरची बारीक तार कॉम्प्रेसरच्या जाड वायरीला चिकटून एकाच नळींतून नेलेली असते. मोठ्या वायरींतील विजेचा उपसर्ग तिला होतो व कॉम्प्रेसर सुरू होतांच आंकडा उडूं लागतो. ती वेगळ्या वाटेनें, वीतभर तरी दूर नेली म्हणजे पुष्कळदां एवढ्यावरच काम भागतें.

ज्यांच्याकडे मल्टीमीटर आहे त्यांनीं एक पाऊल पुढें जावें. हल्लीं पंपाच्या कामासाठीं पुष्कळ घरांत तो असतो. प्रथम शीतकोठीचा मुख्य स्विच बंद करावा. कंट्रोलरच्या पेटींत २३० व्होल्टची वीज असते, व सेन्सरची तार निरुपद्रवी असली तरी तिच्या शेजारचे स्क्रू तसे नसतात. सेन्सरच्या दोन तारा कंट्रोलरमधून सोडवाव्या. जोडलेल्या स्थितींत मोजलेला आंकडा कंट्रोलरच्या आंतील रोधांमुळें खोटा येतो. मीटर २ लाख ओहमच्या पट्टीवर ठेवावें, बोटें तारांस लावूं नयेत, कारण माणसाच्या अंगांतूनहि वीज झिरपते. सेन्सर बर्फांत असतां २७,३०० च्या आसपास भरलें तर पहिल्या जातीचा थर्मिस्टर निरोगी आहे. ३२,६५० च्या आसपास भरलें तर दुसऱ्या जातीचा. १८-२० हजारच भरले तर ओलावा नक्की. आतां बर्फांतून काढून मुठींत धरावा. आंकडा संथपणें, न अडखळतां उतरत गेला पाहिजे. तार ठिकठिकाणीं हातानें वांकवीत जावी. ज्या जागीं वांकवितांच आंकडा उडी मारतो तेथें तार आंतून तुटलेली असते. बर्फांत सेन्सर खरा निघाला, ओहमही बरोबर भरले, आणि तरीहि दारावरचा आंकडा चुकतो असें झालें, तर दोष कंट्रोलरचा; किंवा, तो नुकताच बदलला असेल तर, त्याला दुसऱ्या जातीचा सेन्सर असल्याची चुकीची सूचना दिलेली आहे.

मोठ्या कोठ्यांत व कारखान्यांत थर्मिस्टरऐवजीं प्लॅटिनमच्या तारेचा सेन्सर असतो. कसारा घाटापलीकडील नाशिकच्या वाइन-कारखान्यांतील टाक्यांस असेच सेन्सर लावलेले असतात. त्याचा रोध शून्य अंशांस १०० ओहम व २५ अंशांस सुमारें ११० ओहम असतो, म्हणजे एका अंशाला ओहमचा पुरता अर्धा भागहि पडत नाहीं. त्याच्या दोनतारी जोडणींत लांब तारेचा नुसता १ ओहम जादा आला तरी आंकडा अडीच अंश वर चढतो. म्हणून त्याला तीन तारांची जोडणी करितात, व ती तिसरी तार निरुपयोगी समजून कापून टाकणारे मिस्त्रीहि भेटतात. थर्मिस्टरच्या हजारों ओहमांपुढें तारेचे दोनचार ओहम कांहींच नव्हेत. त्याची तार लांबविण्यास हरकत नाहीं.

आपल्या भागांत हे दोष विशेषेंकरून कां होतात याचाहि विचार केला पाहिजे. सह्याद्रीच्या पायथ्याचा हा मुलूख. पावसाळ्याचे चार महिने भिंतींना ओल असते, आणि कोठी थंड असल्यामुळें बाहेरची दमट हवा जेथें तेथें घाम होऊन सुटते. सेन्सरची तार छतावरून उतरत थेट कंट्रोलरच्या पेटींत शिरत असेल तर हा घाम तिच्यावरून ओघळून पेटींत जातो. पेटींत शिरण्यापूर्वीं तारेला खालीं झोळ द्यावा. पाणी झोळाच्या तळाशीं टपकून जातें. सांधे कोठीच्या आंत ठेवूंच नयेत. ठेवणें भागच पडलें तर डाखून, त्यावर तापवून आवळणारी नळी चढवावी. नुसती चिकटपट्टी महिन्याभरांत सुटते. शेंडा उभा टांगतांना तार वरून नव्हे, खालून आंत जाईल अशी बेताची मांडणी केली तर पाणी कवचाच्या तोंडाशीं सांचत नाहीं. भाताच्या कोठारालगत शीतकोठी असेल तर उंदीर तार कुरतडल्यावांचून राहत नाहींत. ती लोखंडी किंवा जाड प्लास्टिकच्या नळींतून न्यावी. कंट्रोलरच्या पेटींत उबेसाठीं पाली व मुंग्या शिरतात. पेटीचें प्रत्येक रिकामें भोंक बुजवावें. वळवाच्या पावसांतील विजेच्या कडकडाटानंतर आंकडा एकदम बदलला असेल तर सेन्सरइतकाच कंट्रोलरचाहि संशय घ्यावा.

सेन्सर दुरुस्त होत नाहीं, बदलावा लागतो. दमट झालेला सेन्सर उन्हांत वाळवून पुन्हां लाविला तर चार दिवस खरें सांगतो व मग जुन्या वाटेला लागतो. कंट्रोलरमध्यें आंकडा अमुक अंश वर किंवा खालीं सरकविण्याची सोय असते. बर्फांत आंकडा नेहमीं एकसारखा १ अंश चुकतो असें दोनतीनदां दिसलें तर तिचा उपयोग करावा, तेवढ्यासाठींच ती आहे. ओलाव्याच्या दोषावर मात्र हें औषध नव्हे. आज २ अंश सरकवाल तर पुढच्या आठवड्यांत ओल वाढून चूक ४ अंशांची झालेली असेल, आणि आंकडा सरकविला आहे हें तोंवर घरांत कोणाच्या लक्षांतहि राहणार नाहीं. नवा सेन्सर घेतांना जुना बरोबर न्यावा, व केवळ “दहा हजारांचा द्या” असें न म्हणतां शून्य अंशांस किती ओहम तें विचारावें. दुसऱ्या जातीचा बसला तर २५ अंशांच्या दुकानांत तो अगदीं बरोबर दिसेल आणि कोठींत मात्र तीन-चार अंश चुकेल. थर्मिस्टरच्या दोन तारांना उलटसुलट नसतें, कशाहि जोडाव्या. बसविल्यावर पुन्हां एकदां बर्फाची परीक्षा करून तो दिवस व आंकडा दाराच्या आंतल्या बाजूला लिहून ठेवावा.

दुधाच्या शीतटाकींत थोडें निराळें असतें. तेथें दूध ४ अंशांपर्यंत उतरवावयाचें व तेथेंच ठेवावयाचें असतें, आणि सेन्सर दुधांत नसून टाकीच्या अंगाला बसविलेल्या खोबणींत असतो. खोबण व सेन्सर यांच्यामध्यें उष्णता वाहून नेणारा लेप भरलेला असतो. तो वाळला, किंवा टाकी धुतांना हिसका बसून सेन्सर दोन बोटें बाहेर आला, तर त्याला दुधापेक्षां खोलींतल्या हवेचीच बातमी अधिक लागते. मग यंत्र थांबत नाहीं व दूध टाकीच्या तळाला गोठूं लागतें. म्हणून येथें बर्फाच्या परीक्षेपूर्वीं सेन्सर खोबणींत तळापर्यंत बसला आहे कीं नाहीं हें चाचपून पाहावें. दूध ढवळून, स्वच्छ तापमापक बुडवून घेतलेला आंकडा व पाटीवरचा आंकडा रोज सकाळीं ताडून पाहण्याची संवय संकलन केंद्राच्या माणसाला लावली पाहिजे. हें दोन मिनिटांचें काम आहे.

स्वस्तांतली कोठी करण्यासाठीं कांहीं लोक खिडकीचा साधा एअरकंडिशनर बसवून त्याला कूलबॉटसारखें उपकरण जोडतात. ही युक्ति मोठी गमतीची आहे. एअरकंडिशनर १६ अंशांच्या खालीं जावयास तयार नसतो. तेव्हां हें उपकरण त्याच्या सेन्सरला एका चिमुकल्या तापकानें ऊब देतें. खोली अजून उष्णच आहे अशी समजूत होऊन तो थंडावा देत राहतो. म्हणजे येथें सेन्सरला मुद्दाम खोटें बोलावयास लाविलेलें असतें! यांतील कोठी एकाएकीं १६-१८ अंशांवर अडून बसली तर गॅस भरण्याचा खर्च करण्यापूर्वीं हा तापक सेन्सरपासून सुटून पडला आहे काय तें पाहावें. दोघांना बांधणारी पट्टी सुटलेली असते व ती पुन्हां आवळणें एवढेंच काम निघतें.

बहुतेक कोठ्यांत आणखी एक सेन्सर असतो, तो कॉइलच्या पत्र्यांत खोचलेला. कॉइलवर हिम सांचलें म्हणजे तें वितळविण्याचा काळ तो ठरवितो. तो ओलाव्यानें खोटा झाला, तर हिम वितळण्यापूर्वींच कॉइल उबदार झाली असें सांगतो. हिम तसेंच राहून त्याचा दगड होतो, पंख्याची हवा त्यांतून जात नाहीं, आणि खोलीचा सेन्सर सर्वस्वीं खरा असूनहि खोली तापत जाते. कॉइल पांढरीफटक दिसली कीं हा सेन्सरहि बर्फाच्या बाटलींत घालून पाहावा. हिम सुरीनें खरवडूं नये. कॉइल फुटली तर सेन्सरच्या किंमतीच्या कित्येक पट खर्च येतो.

सेन्सर बदलून येईपर्यंत एकदोन दिवस जातात. तेवढ्यांत तोडलेल्या मालाचें काय करावें? कंट्रोलर हातानें चालविण्याची सोय असेल तर बाटलींतील तापमापक पाहून दर तासाला यंत्र चालूबंद करणें शक्य आहे, रात्रीं मात्र तें कठीण. आणि एकदां बंद केलेलें यंत्र निदान तीन-चार मिनिटें जाऊं दिल्यावांचून पुन्हां सुरू करूं नये, कॉम्प्रेसरवर ताण येतो. माल थोडा असेल तर दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनें प्रचारांत आणलेली विटांची शीतकोठडी बरी. विटांच्या दोन भिंतींमध्यें वाळू भरून ती सकाळ-संध्याकाळ भिजवीत ठेवावी व वर वाळ्याचें किंवा गोणपाटाचें ओलें झांकण घालावें. पाण्याची वाफ होतांना आंतली उष्णता निघून जाते. डिसेंबरपासून मार्चपर्यंतच्या कोरड्या हवेंत तिच्यांत भेंडी दोन दिवस ताजी राहते, आणि तिला सेन्सर लागत नाहीं. मे महिन्यांत हवा दमट होऊं लागली कीं तिचा गारवा कमी होतो, व पावसाळ्यांत ती जवळजवळ निरुपयोगी होते. त्या दिवसांत सेन्सर बिघडला तर तोडणी पहांटे करून माल त्याच दिवशीं कल्याणला पोंचता करावा.